गावच्या जागा नकाशावर नेमक्या उतरवताना : केएमएल, जीपीएक्स आणि जीएमएल फाइलींतील चुका कशा शोधाव्यात

कोकणातल्या कोणत्याही गावात नोंदण्याजोग्या जागा भरपूर असतात. बावी (विहिरी), पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा), वहाळांवरचे साकव, देवराया, सड्यावरची (उंचावरच्या सपाट कातळावरची) तळी, रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतल्या जांभ्याच्या कातळावर कोरलेली कातळशिल्पे, या साऱ्यांचा ठावठिकाणा जुन्या माणसांना पाठ असतो, आणि अलीकडे गावोगावची तरुण मंडळी फोन हातात घेऊन त्या जागांचे अक्षांश-रेखांश टिपू लागली आहेत. यादी तयार होईपर्यंत सहसा काही अडत नाही. अडते ते ही यादी नकाशाच्या सॉफ्टवेअरला समजेल अशा एक्सएमएल (खुणा लावलेल्या मजकुराच्या) फाइलीत उतरवताना. कधी फाइल उघडतच नाही, कधी उघडते पण गावांच्या नावांच्या जागी विचित्र चिन्हांची रांग दिसते, आणि कधी सगळे व्यवस्थित उघडते, मात्र रत्नागिरीची जेटी नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जाऊन पडते. हा लेख अशा अडचणीत पहिल्यांदाच सापडलेल्यांसाठी आहे.

अशा फाइलीत चुकीला तीन थर असतात. सर्वांत खाली अक्षरे, म्हणजे मजकूर संगणकात कोणत्या रूपात (एन्कोडिंगमध्ये) साठवला आहे. त्यावर सांगाडा, म्हणजे टॅग (मजकुराभोवतीच्या खुणा) नीट उघडले आणि मिटले आहेत की नाहीत. आणि सर्वांत वर आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश खरोखर त्या जागेचे आहेत की नाहीत. तपासणी याच क्रमाने करावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नवशिका घाबरून एन्कोडिंग बदलतो, टॅग हलवतो आणि आकड्यांची अदलाबदलही करून पाहतो. मग फाइल उघडली तरी कशामुळे उघडली हे त्याला कळत नाही, आणि पुढच्या फाइलीला तो पुन्हा तिथेच अडतो.

एक सूचना आधीच देतो. या लेखात आकडे देवनागरीत छापले आहेत, पण फाइलीत अक्षांश-रेखांश नेहमी इंग्रजी अंकांतच लिहावेत. मराठी कीबोर्ड चालू असताना टंकलेला देवनागरी आकडा आपल्याला आकडाच दिसतो. फाइल वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र ती केवळ अक्षरे असतात, आणि तो बिंदू गाळला जातो किंवा शून्यावर नेऊन ठेवला जातो.

कोणती फाइल कशासाठी

एक्सएमएल ही मजकुराला खुणा लावण्याची पद्धत आहे. तिचे पहिले प्रमाण डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९८ साली प्रसिद्ध केले. या पद्धतीला भूगोलाचे काही ज्ञान नसते. तिच्या दृष्टीने रेखांश हाही मजकुराचाच एक तुकडा. त्याला अर्थ देतात ती तिच्यावर उभी राहिलेली रूपे. केएमएल हे कीहोल या कंपनीचे रूप. ती कंपनी २००४ साली गूगलने घेतली आणि २००८ साली केएमएलची २.२ ही आवृत्ती ओपन जिओस्पेशियल कन्सोर्टियमचे प्रमाण झाली. जागा दाखवणे आणि लोकांपर्यंत पोचवणे यासाठी ते सोयीचे आहे. जीपीएक्स हे २००२ सालापासूनचे रूप जीपीएस उपकरणांमधल्या देवाणघेवाणीसाठी असून आज सर्वत्र चालते ती २००४ सालची १.१ आवृत्ती. तिसरे रूप जीएमएल. ते सरकारी आणि संशोधनाच्या कामात अधिक आढळते आणि २००७ साली आयएसओ १९१३६ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. गावाच्या कामाला पहिली दोन पुरेशी आहेत.

मूळ प्रत आणि तीन जागांची चाचणी

काहीही दुरुस्त करण्याआधी मूळ यादीची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि तिला पुन्हा हात लावू नये. हे मी कळकळीने सांगतो, कारण याची किंमत मी मोजली आहे. एका गावातल्या बावींची यादी आम्ही स्प्रेडशीटमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) करून जतन केली आणि मूळ फाइल काढून टाकली. दुसऱ्या दिवशी उघडली तेव्हा प्रत्येक नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ होती. आकडे शाबूत होते, पण कोणती बाव कोणाच्या आवाठातली हे सांगायला फाइलीत काहीच उरले नव्हते. शेवटी गावात परत जाऊन, वाडीवाडीतल्या आजीआजोबांना पुन्हा विचारून ती नावे भरावी लागली.

त्यानंतर संपूर्ण यादी बाजूला ठेवून फक्त तीन जागांची छोटी फाइल तयार करावी. जागा अशा निवडाव्यात की त्यांची खरी स्थिती आपल्याला डोळे मिटून सांगता येईल : एक समुद्राकाठची जेटी, एक ग्रामदेवतेचे देऊळ आणि एक वर सड्यावरची ओळखीची खूण. तिन्ही एका रेषेत नसाव्यात, म्हणजे अदलाबदल झाली तर लगेच दिसते. नावेही विचारपूर्वक निवडावीत. एका नावात जोडाक्षर हवे, एकात ऱ्हस्व उकार हवा आणि एकात ‘ऱ्य’ हवा. ‘हर्णै बंदर’, ‘गुहागर’ आणि ‘पऱ्याची बाव’ ही तीन नावे माझ्या चाचणीच्या फाइलीत नेहमी असतात. का, ते पुढे स्पष्ट होईल.

पहिला थर : अक्षरे

एक्सएमएल फाइलीच्या पहिल्या ओळीत आवृत्तीसोबत एन्कोडिंगचे नाव लिहिलेले असते. तेथे यूटीएफ-८ (देवनागरीसह सर्व लिपी साठवणारे एन्कोडिंग) असावे. पण ती ओळ म्हणजे फक्त पाटी. आतला मजकूर खरोखर यूटीएफ-८ मध्ये जतन झाला आहे की नाही, हे पाटीवरून ठरत नाही, आणि पाटी बदलल्याने आतला माल बदलत नाही. नोटपॅड प्लस प्लससारख्या संपादकात खाली उजव्या कोपऱ्यात प्रत्यक्ष एन्कोडिंग दिसते. पाटी आणि प्रत्यक्ष यांचा मेळ आधी तिथे पाहावा.

बिघडलेला मजकूर कसा दिसतो यावरून कारण बहुतेक वेळा नेमके ओळखता येते, म्हणून दिसणाऱ्या चिन्हांकडे बारकाईने पाहण्याची सवय लावून घ्यावी.

पहिला प्रकार असा की प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी तीन-तीन चिन्हे दिसतात, आणि त्यांत वर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्यामागे चारही बाजूंना टोके असलेले गोल चलनचिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह ही जोडी पुन्हा पुन्हा येते. ही जोडी योगायोगाने आलेली नसते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते आणि त्यांतले पहिले दोन बाइट सर्व देवनागरी चिन्हांसाठी दोनच प्रकारचे असतात. तो मजकूर विंडोज-१२५२ हे जुने पाश्चात्त्य एन्कोडिंग समजून वाचला की ते दोन बाइट वर वर्णन केलेल्या जोड्या होऊन दिसतात. अशा वेळी फाइल बहुधा निरोगी असते आणि वाचणारा प्रोग्रॅम चुकत असतो. तीच फाइल यूटीएफ-८ म्हणून पुन्हा उघडली की नावे जागेवर येतात.

ती बिघडलेल्या अवस्थेतच पुन्हा जतन झाली असेल तर काम अवघड होते. उलटे रूपांतर करता येते, म्हणजे चिन्हांचे विंडोज-१२५२ प्रमाणे बाइट करून ते यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. पण विंडोज-१२५२ मध्ये पाच बाइटांना कोणतेच अक्षर नेमलेले नाही, आणि आपल्या दुर्दैवाने हलन्ताच्या खुणेचा शेवटचा बाइट त्या पाचांपैकी एक आहे, ऱ्हस्व उकाराच्या खुणेचाही आहे, आणि ‘झ’चाही. काही प्रोग्रॅम असे बाइट टाकून देतात किंवा त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह लिहितात. म्हणून परत मिळवलेल्या यादीत इतर अक्षरे बरोबर येतात, पण जोडाक्षरे आणि उकार तुटलेले असतात. ‘हर्णै’ आणि ‘गुहागर’ चाचणीत ठेवायचे ते याचसाठी : एकात हलन्त आहे आणि दुसऱ्यात उकार. ही दोन नावे सुखरूप परत आली तर बाकीच्या यादीवर बराच विश्वास ठेवता येतो.

दुसरा प्रकार प्रश्नचिन्हांचा. नावाच्या जागी साधी प्रश्नचिन्हे असतील तर मूळ अक्षरे त्या फाइलीत राहिलेलीच नाहीत. कोणताही उपाय ती परत आणू शकत नाही. मूळ प्रतीकडेच जावे लागते. हे बहुतेक वेळा स्प्रेडशीटमधून साधी सीएसव्ही जतन करताना घडते. जतन करण्याच्या यादीत ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असा वेगळा पर्याय असतो, तोच निवडावा.

तिसरा प्रकार आपल्याकडे विशेष आढळतो. जुन्या कार्यालयीन याद्या श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी किंवा सुरेख अशा फाँटांत टंकलेल्या असतात. त्या फाँटांत पडद्यावर देवनागरी दिसते, पण फाइलीत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. फाँट फक्त त्यांचा चेहरा बदलतो. असा मजकूर केएमएलमध्ये गेला की फाँटची साथ सुटते आणि अर्थहीन रोमन अक्षरे उरतात. येथे एन्कोडिंग कितीही बदलले तरी फायदा नाही. त्या विशिष्ट फाँटसाठी असलेल्या रूपांतरकातून मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा, आणि रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि ‘ऱ्य’ डोळ्यांनी तपासावेत, कारण रूपांतरक बहुधा तिथेच चुकतात.

नावांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर घाबरू नये. मजकूर ठीक असतो, त्या यंत्रावर देवनागरी फाँट नसतो एवढेच.

चौथा प्रकार सर्वांत फसवा आहे. यादी आधी शेपफाइल या नकाशांच्या जुन्या फाइलरूपात ठेवून मग एक्सएमएलमध्ये उतरवली तर लांब वर्णने मध्येच तुटतात. शेपफाइलच्या तक्त्यात मजकुराच्या रकान्याला जास्तीत जास्त २५४ बाइट मिळतात. देवनागरीचे चिन्ह तीन बाइटांचे धरले तर ८४ चिन्हे बसतात आणि दोन बाइट उरतात. त्या दोन बाइटांत पंच्याऐंशीव्या चिन्हाचा तुकडा बसला तर ते अर्धवट अक्षर पुढे एक्सएमएलमध्ये जाते, आणि वाचणारा प्रोग्रॅम ‘अवैध बाइट’ अशी तक्रार करून संपूर्ण फाइल नाकारतो. हजार ओळींच्या फाइलीत एका ओळीच्या शेवटचे अर्धे अक्षर एवढेच कारण असते. रकान्याच्या नावाला तर फक्त १० बाइट मिळतात, म्हणजे देवनागरीत जेमतेम तीन चिन्हे. म्हणून रकान्यांची नावे आखूड रोमन ठेवावीत. त्यांतल्या नोंदी मात्र देवनागरीतच ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. सोय म्हणून वाड्यांची नावे रोमनमध्ये लिहिली की ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांतला भेद पुसला जातो. काही वर्षांनी ‘केळशी’चा उच्चार न ऐकलेला माणूस ती फाइल वाचेल तेव्हा त्याला खरे नाव सांगणारे तिथे काही नसेल.

आणखी एक गोष्ट. ‘ऱ्या’ हे अक्षर दोन वेगळ्या पद्धतींनी टंकता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी असतात. एका यादीत ‘पऱ्याची बाव’ एका पद्धतीने आणि दुसऱ्यात दुसऱ्या पद्धतीने लिहिली असेल तर दोन याद्या जोडताना ती जुळत नाही. गावकऱ्यांनी मिळून काम करायचे असेल तर सर्वांनी एकच कीबोर्ड वापरण्याचे आधी ठरवावे.

दुसरा थर : सांगाडा

अक्षरे ठीक असूनही फाइल उघडत नसेल तर सांगाडा पाहावा. फाइलीची एक प्रत करून तिच्या नावाचा शेवट एक्सएमएल असा करावा आणि ती ब्राउझरमध्ये उघडावी. सांगाडा मोडला असेल तर ब्राउझर ओळ क्रमांकासह चूक दाखवतो. ज्यांना कमांड लिहिण्याची सवय आहे त्यांनी एक्सएमएललिंट हे तपासणीचे साधन वापरावे. दाखवलेली ओळ ही प्रोग्रॅम जिथे अडखळला ती जागा असते. खरी चूक अनेकदा तिच्या थोडी आधी, न मिटलेल्या टॅगमध्ये असते.

नोटपॅडमध्ये जतन केलेल्या फाइलीच्या नावाला मागे लपलेले टीएक्सटी लागले आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. तसेच पहिल्या ओळीच्या आधी एकही रिकामी ओळ किंवा मोकळी जागा नसावी. दोन फाइली एकामागे एक चिकटवल्या असतील तर दुसरीची पहिली ओळ मध्येच येते आणि फाइल नाकारली जाते. अशा वेळी दुसऱ्या फाइलीतल्या फक्त जागांच्या नोंदी उचलून पहिलीत घालाव्यात.

सर्वाधिक फाइली मात्र एका चिन्हाने अडवलेल्या मी पाहिल्या आहेत : ‘&’. आपल्याकडे ‘खानावळ & लॉजिंग’ अशी पाटी पावलोपावली असते आणि ती तशीच नावात उतरते. फोटोंचे वेबपत्ते चिकटवले तर त्यांतही हे चिन्ह असते. एक्सएमएलमध्ये ‘&’ म्हणजे पुढे एखाद्या खास चिन्हाचे नाव येणार असा इशारा, म्हणून मजकुरातल्या ‘&’ च्या जागी ‘&’, त्याला लागून ए, एम, पी ही तीन छोटी रोमन अक्षरे आणि शेवटी अर्धविराम असे लिहावे लागते. ‘<’ या चिन्हासाठी एल आणि टी ही अक्षरे अशाच रीतीने वापरावीत. ‘भरतीला पाणी < २ मीटर’ अशी नोंद केली तर सॉफ्टवेअरला तिथे नवा टॅग सुरू झाल्यासारखे वाटते. ही दुरुस्ती शोधा-आणि-बदला करून एकदाच करावी. दोनदा केली तर आधी दुरुस्त झालेले चिन्ह पुन्हा बदलते आणि नकाशावर नावात ती तीन रोमन अक्षरे दिसू लागतात. वर्णनात वेबपानासारखी मांडणी हवी असेल तर तो सगळा मजकूर सीडेटा विभागात (ज्यातली चिन्हे टॅग म्हणून वाचली जात नाहीत) ठेवणे सोपे पडते. वेबपानांतून नकललेली मोकळ्या जागेची एनबीएसपी ही खूणही एक्सएमएलला मुळात माहीत नसते, ती काढून टाकावी.

टॅगांच्या नावांत मोठे आणि छोटे रोमन अक्षर वेगळे मानले जाते. उघडताना मोठे आणि मिटवताना छोटे लिहिले की सांगाडा मोडतो. मूळ टॅगमध्ये नेमस्पेस म्हणून जो वेबपत्ता असतो तो अक्षरशः प्रमाणात दिला आहे तसाच ठेवावा. तेथे कोणी जात नाही, ते फक्त नाव आहे, पण नाव बदलले की कडक सॉफ्टवेअर आतले टॅग ओळखत नाही.

चूक कुठे आहे हे कळतच नसेल तर फाइल अर्धी करावी. अर्ध्या नोंदी काढून उरलेली उघडते का पाहावे, जो अर्धा अडतो त्याचा पुन्हा अर्धा करावा. हजार नोंदींतली एक बिघडलेली नोंद दहा वेळांत हाती लागते.

तिसरा थर : आकडे

या थरात संगणक मदत करत नाही, कारण चुकीचा आकडाही आकडाच असतो. येथे आपला भूगोल आपल्या मदतीला येतो.

सर्वांत मोठी चूक क्रमाची. मराठीत आपण ‘अक्षांश-रेखांश’ म्हणतो, केएमएलच्या ‘कोऑर्डिनेट्स’ टॅगमध्ये मात्र आधी रेखांश, मग अक्षांश आणि शेवटी हवी असल्यास उंची लिहायची असते. रत्नागिरीचे अक्षांश सुमारे १७ आणि रेखांश सुमारे ७३.३ आहेत. ते उलटे लिहिले तर बिंदू ७३.३ अंश उत्तर आणि १७ अंश पूर्व येथे, नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात, बेअर बेटाच्या अलीकडे पडतो. आणि सॉफ्टवेअर एका शब्दाने तक्रार करत नाही. अक्षांश ९० पेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणून जपानमधली अशी अदलाबदल लगेच पकडली जाते, तिथले रेखांश १२० च्या पुढचे असतात. कोकणाचे रेखांश ७२ ते ७४ च्या आसपास असल्याने ते अक्षांश म्हणूनही खपून जातात. म्हणून एक साधी कसोटी लिहून समोर चिकटवावी : पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत कोणत्याही जागेचे अक्षांश १५ ते २० ने सुरू होतील आणि रेखांश ७२ ते ७४ ने. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये सीएसव्ही भरताना एक्स या रकान्यात रेखांश आणि वाय या रकान्यात अक्षांश द्यावे लागतात; गफलत बहुतेक वेळा तिथेच होते.

दुसरी चूक अंश आणि मिनिटांची. होड्यांवरच्या जीपीएसवर स्थिती अनेकदा अंश आणि दशांश मिनिटांत दाखवली जाते. मिरकरवाड्याच्या बंदराजवळचा एक बिंदू घेऊ : १६ अंश ५९.७ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश १६.८ मिनिटे पूर्व. मिनिटांना ६० ने भागले की ०.९९५ आणि ०.२८० येतात, म्हणून खरे दशांश रूप १६.९९५ आणि ७३.२८०. घाईत कोणी मिनिटेच बिंदूपुढे लिहितो आणि १६.५९७, ७३.१६८ असे उतरवतो. हा बिंदू सुमारे ४४ किलोमीटर दक्षिणेला, विजयदुर्गच्या बाजूला, किनाऱ्यापासून पंधरा किलोमीटरहून आत समुद्रात पडतो. कोकणाची किनारपट्टी अरुंद असल्याने अशी चूक समुद्रात पडून उघडी पडते, हे आपले भाग्य; पण पुढे-मागे सरकून बिंदू जमिनीवरच राहिला तर ती वर्षानुवर्षे लपून राहते. यादीतल्या एकाही बिंदूच्या दशांशाचे पहिले दोन अंक ५९ च्या पुढे जात नसतील तर मिनिटे तशीच लिहिली गेल्याचा संशय घ्यावा.

आकडे लाखांत असतील, उदाहरणार्थ ३ लाख २० हजार आणि १८ लाख ८० हजारांच्या घरात, तर ते अंश नसून यूटीएम या, पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरांत मोजणाऱ्या पद्धतीतले मीटर आहेत. कोकण ४३ उत्तर या पट्ट्यात येते आणि त्याचा ईपीएसजी क्रमांक (निर्देशांकांच्या प्रत्येक पद्धतीला दिलेला ओळखक्रमांक) ३२६४३ आहे. केएमएल आणि जीपीएक्स फक्त डब्ल्यूजीएस ८४ या जीपीएसच्या संदर्भपद्धतीचे अंश स्वीकारतात, म्हणून आधी रूपांतर करावे लागते. जुन्या सर्व्हे ऑफ इंडिया टोपोशीटवरून उतरवलेले बिंदू सगळेच एकाच दिशेला साधारण शंभर मीटर किंवा त्याहून जास्त सरकलेले दिसले तर तो हाताचा दोष नाही. ते नकाशे एव्हरेस्ट १८३० या वेगळ्या गोलाभावर (पृथ्वीच्या गृहीत धरलेल्या आकारावर) आधारलेले आहेत. तो आधार सॉफ्टवेअरला सांगून मगच रूपांतर करावे.

दशांशाचे अंक किती ठेवावेत, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पाच अंकांनी जागा सुमारे एका मीटरपर्यंत सांगता येते आणि दोनच अंक उरले तर एका किलोमीटरची अनिश्चितता येते. स्प्रेडशीटने अंक कापले नाहीत ना, हे पाहावे. फोनची स्वतःची अचूकता काही मीटरच असते, म्हणून दहा-बारा अंक ठेवण्यात अर्थ नाही.

प्रत्येक रूपाच्या खास खोडी

केएमएलमध्ये रेखांश आणि अक्षांश यांच्यामध्ये फक्त स्वल्पविराम असावा, त्याच्यापुढे मोकळी जागा नसावी. मोकळी जागा म्हणजे नवा बिंदू सुरू झाला, असा तिथे अर्थ आहे. सवयीने स्वल्पविरामानंतर जागा सोडली की पाखाडीची रेघ अदृश्य होते किंवा भलतीकडे पळते. देवराईची किंवा तळ्याची हद्द आखताना पहिला बिंदू शेवटी पुन्हा लिहून वर्तुळ बंद करावे. त्रिकोणी हद्दीलाही म्हणून चार बिंदू लागतात. रंग नेहमीच्या उलट क्रमाने लिहायचे असतात, आधी पारदर्शकता, मग निळा, हिरवा आणि लाल. लाल मागितला आणि निळा आला तर कारण हेच.

जीपीएक्समध्ये अक्षांश आणि रेखांश नावानिशी लिहिलेले असल्याने अदलाबदल कमी होते. तिथे अडचण आतल्या टॅगांच्या क्रमाची असते : आधी उंची, मग वेळ, त्यानंतर नाव आणि वर्णन. क्रम बदलला तर काही सॉफ्टवेअर मुकाट्याने स्वीकारते आणि काही नाकारते. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहावी लागते. पहाटे ६ वाजून १० मिनिटांनी टिपलेली नोंद भारतीय वेळेतच लिहून शेवटी झेड (जागतिक वेळेची खूण) लावला तर ती सकाळी ११ वाजून ४० मिनिटांची दिसेल. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांची पहाटेची पाहणी नोंदवणाऱ्याला असा साडेपाच तासांचा फरक परवडणारा नाही, म्हणून साडेपाच तास वजा करून शून्य वाजून ४० मिनिटे असेच लिहावे.

जीएमएलमध्ये क्रमाचा प्रश्न पुन्हा येतो आणि अधिक गुंतागुंतीचा होऊन येतो. ईपीएसजी ४३२६, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ च्या अंशांचा क्रमांक, याच्या अधिकृत व्याख्येत अक्षांश आधी आहे, आणि यूआरएन या लांब रूपात तो क्रमांक लिहिला तर सॉफ्टवेअर तोच क्रम पाळते. आखूड रूपात लिहिला तर अनेक प्रोग्रॅम रेखांश आधी धरतात. दुसऱ्याने दिलेली जीएमएल फाइल उघडताना तर्क करत बसू नये, आपली तीन जागांची चाचणीच वापरावी.

परतीची तपासणी

तीन जागा तिन्ही थरांतून बिनचूक गेल्या की मगच पूर्ण यादी उतरवावी. तयार झालेली फाइल ज्या सॉफ्टवेअरमध्ये केली त्यातच पाहून समाधान मानू नये, कारण ते स्वतःच्या चुका स्वतः सांभाळून घेते. गूगल अर्थमध्ये एकदा, क्यूजीआयएसमध्ये एकदा आणि दुसऱ्या कोणाच्या फोनवर एकदा, अशी ती तीन ठिकाणी उघडावी. नोंदींची संख्या मोजून मूळ यादीतल्या ओळींशी जुळवावी; दोनच कमी भरल्या तरी त्या दोन कोणत्या हे शोधावे, बहुधा त्यांच्या आकड्यांत देवनागरी अंक किंवा नावात ‘&’ सापडतो. घरट्यांसारख्या नाजूक जागांची नोंद असेल तर उघड्यावर ठेवण्याच्या प्रतीतून ती काढून घ्यावी.

शेवटी नकाशाची छापील प्रत घेऊन गावात जावे आणि ती वाडीतल्या एखाद्या जाणत्या माणसापुढे ठेवावी. नावे त्यांना मोठ्याने वाचायला सांगावीत आणि बोटाने वाट दाखवायला सांगावी. जिथे बोट थांबेल आणि ‘ही बाव इथे नाही, गडग्याच्या पलीकडे आहे’ असे शब्द येतील, तिथे पेन्सिलीने खूण करून तो एक बिंदू प्रत्यक्ष जागेवर जाऊन पुन्हा टिपावा.